37 घरं, 36 चा हिशेब

गोव्याच्या ट्रिपचा प्लॅन ठरला की ग्रुपमधला कुणीतरी म्हणतोच, 'एक रात्र कॅसिनो पाहिजेच यार!' जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी तिथलं गणित बघा.

युरोपीय रुलेटच्या चाकावर 0 ते 36 अशी 37 घरं असतात. एका आकड्यावर 100 रुपये लावले आणि तोच लागला, तर तुमच्या शंभरासकट 3,600 रुपये मिळतात. आता सगळ्याच घरांवर शंभर-शंभर लावून बघा. गेले 3,700, आले 3,600. चाकात काही गडबड नाही, धंदाच तसा बांधलाय. एखाद्या रात्री तुम्ही जिंकालही, पण जितकं जास्त खेळाल, तितका हा हिशेब तुमच्या अंगावर येतो.

गंमत बघा. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंतून गोवा सरकारला महसूल मिळतो, पण खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला 2020 पासून मनाई आहे. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा 1976 मध्येच झाला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द केला.

म्हणजे आपण सुटलो? नाही. त्याच 2023 मध्ये आपल्या नागपुरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी गमावल्याची तक्रार पोलिसांकडे केली. कॅसिनोत निदान चाक डोळ्यांसमोर फिरतं. बनावट ॲपमध्ये तर ते फिरवणाराच दिसत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला; नुसतं खेळणाऱ्याला नाही. ही गोष्ट होस्टेलच्या प्रत्येक खोलीत पोचायला हवी. कारण हरलेला मुलगा पैशांपेक्षा बोलायला जास्त घाबरतो. मेसचे पैसे जातात, मग फीचे, मग 'गेलेले काढतो' म्हणून मित्रांकडून उसने घेतलेले.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्याला उपदेश नको आणि आणखी उसनेही नको. शेजारी बसा, किती गेले ते विचारा, घरी फोन लावताना सोबत राहा. फारच खचला असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. गेलेले पैसे परत येतील न येतील, मित्र राहायला हवा.