करिश्मा कोणावर चालतो?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या टेबलावर हमखास घडणारा प्रसंग. वेशीवर पहारेकरी अडवतो. खेळाडू म्हणतो, "मी पटवतो त्याला." डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणतो, "टाक फासा." वीस बाजूंच्या फाशावर ११ पडतात, पात्राचा करिश्मा, म्हणजे छाप पाडण्याचा गुण, १८ म्हणून त्यात ४ मिळवायचे. १५ झाले, वेस उघडली. पुढे हेच पात्र वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या सख्ख्या भावापुढे उभं राहतं. पुन्हा तोच फासा, तेच अधिक ४. डीएमने आपल्या मनाने अवघडपणा वाढवला तर वाढवला. पात्राच्या कागदावर मात्र भाऊ आणि पहारेकरी सारखेच.

माझा आक्षेप इथे आहे. ताकद ज्याची त्याच्या अंगात असते, शब्दाचं वजन मात्र ऐकणारा ठरवतो. ज्याचा शब्द गाव झेलतं, त्याला घरात कोणी विचारत नाही, हे आपण रोज बघतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ नियमांत करिश्माचं मुख्य काम वेगळं होतं: पदरी किती माणसं टिकतील आणि ती कितपत इमान राखतील, हे ठरवणं. करिश्मा ३ असेल तर एक माणूस, १८ असेल तर बारा. पुढे तो बोलघेवडेपणाचा सरसकट आकडा झाला. २०१४च्या आवृत्तीत 'बाँड' म्हणून जिव्हाळ्याची एक ओळ लिहायला मिळाली, पण तिच्या नावाने फासा पडत नाही.

स्वभावाच्या आणि जिव्हाळ्याच्या नावाने फासा टाकण्याचं धाडस ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन'ने (१९८५) आधीच केलं होतं. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. स्वभावाच्या तेरा जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १३, तर क्रौर्य ७. पाडाव झालेला शत्रू जीवदान मागतो, तेव्हा वीस बाजूंचा फासा १३ किंवा खाली पडला तर सरदार त्याला सोडतो, खेळाडूच्या मनात काहीही असो. नाही पडला तर क्रौर्याची पाळी; तेही हुकलं तरच मर्जी खेळाडूची. शिवाय धन्याची निष्ठा, घरच्यांची माया, एखाद्याचा द्वेष यांनाही आकडे. त्यांच्या बळावर सरदार दुप्पट जोमाने लढतो, नाहीतर पार खचतो.

तरुण सुपरमॅनच्या, म्हणजे क्लार्कच्या, मालिकेवर बेतलेल्या २०१०च्या 'स्मॉलव्हिल' या खेळाने तर ताकद-बुद्धीचे रकानेच काढून टाकले. तिथे लोइस क्लार्कची कोण लागते, यावर फासे ठरतात. त्या नात्याविषयी लिहिलेलं वाक्य झुगारून वागलात तर त्या क्षणी जास्त फासे हाती येतात, पण नंतर ते नातंच उणावतं.

यावर म्हणतात, नाती अभिनयाने खेळावीत, आकडे कशाला? मग जिंकतो तो टेबलावरचा सर्वांत वाचाळ गडी. बुजऱ्या खेळाडूलाही मुत्सद्दी होता यावं, ही करिश्माच्या आकड्याची खरी पुण्याई आहे आणि ती घालवायची नाही. पण लाजाळू माणसाला प्रेम आणि वैरसुद्धा खेळायचं असतंच. त्यासाठी त्याला आधार नको?

म्हणून करिश्मा राहू द्या, त्याच्या शेजारी दोन नावं लिहा. एकासमोर अधिक ३, दुसऱ्यासमोर उणे ३. भावाशी बोलताना हा आकडा धरायचा आणि वचन मोडलं की एकाने घटवायचा. डीएमनेही तो खोडायला मागेपुढे पाहू नये.