अड्डा गावी, उस्ताद मुंबईत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईतील जरीकामाचे कारखाने बंद पडले. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडचे कारागीर गावी गेले. पुढे बरेचसे परतले. पण काहींनी गावातच अड्डा टाकला आणि मुंबईचे काम तिथे बसून करू लागले. खाका आणि टिकल्या-कटदाण्याचा माल पार्सलने जातो, नमुन्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर. मुंब्रा-गोवंडीकडच्या भगिनी तर त्याआधीपासूनच घरी काम घेत आल्या आहेत. मालकाचे जागेचे भाडे वाचते, कारागीर बायकापोरांत राहतो. यात वाईट काही नाही.

अडते ते नवे काम शिकवताना. कारखान्यात शागीर्द उस्तादाच्या शेजारी बसत असे. टाका चुकला की तिथल्या तिथे हात धरून दुरुस्त होई. (लहान पोरांना राबवण्याची जुनी रीत परत यावी, असे आम्ही म्हणत नाही.) आता उस्ताद मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवतो आणि शिकवणे झाले असे आपण समजतो. आरीच्या कामाची गोम अशी, की आरी कापडाच्या वरून चालते आणि धागा कापडाखालचा दुसरा हात पुरवतो. खरी करामत त्या खालच्या हाताची. वरून काढलेल्या व्हिडिओत तो दिसतच नाही. मग शिकणाऱ्याचा धागा कधी सैल पडतो, कधी तुटतो. पीस परत येतो आणि पैसे कापले जातात ते कारागिराचे.

हे कापणे आम्हाला मान्य नाही. जे नीट दाखवलेच नाही, त्याचा दंड शिकणाऱ्याने का भरावा? मजुरी वेळेवर आणि पुरी देण्याची दीनची शिकवण आपल्या कारखानदार बांधवांना नव्याने सांगायला नको. सरकारच्या २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये भत्ता आहे. तिच्या १८ धंद्यांत शिंपी आहेत, जरीवाले नाहीत. तेव्हा जरीवाल्याच्या शिकण्याच्या दिवसांचा भार मालकानेच उचलला पाहिजे. नव्या नमुन्याचे पहिले दोन-तीन पीस शिकण्याचे समजावेत आणि त्यांची मजुरी पिसावर नव्हे, रोजावर द्यावी. घरी बसून काम करणाऱ्यांबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली जो करार केला, त्यात प्रशिक्षणाच्या बाबतीत त्यांना इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे, असे म्हटले आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. आपण दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

खर्चही फार नाही. मोबाइल अड्ड्याखाली धरून एक व्हिडिओ वेगळा काढावा. पडद्यावर रंग बदलतो, म्हणून दोऱ्याचा तुकडा आणि चार टिकल्या नमुन्यादाखल पार्सलातच घालाव्यात. लिहून धाडण्यापेक्षा बोलून धाडावे. वाचता न येणारे आपल्यात कमी नाहीत. आणि चुकलेल्या पिसाचा फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकण्याची खोड सोडावी. चारचौघांत लाज काढली की माणूस पुन्हा विचारीत नाही, बाया तर नाहीच नाही. उस्तादाने संध्याकाळची एखादी वेळ ठरवून एकेकाचा फोन घ्यावा. त्या वेळेचे पैसे उस्तादालाही मिळावेत, नाहीतर तो कंटाळा करणार.

एक कबूल केले पाहिजे. बारीक जरदोजी फोनवर येत नाही. तिच्यासाठी कारागिराला आठ-दहा दिवस मुंबईला बोलवावे, गाडीभाडे मालकाने द्यावे आणि ते मागाहून मजुरीतून वळते करून घेऊ नये.