दमा आहे, म्हणून धावू नको?

सिरोंच्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा तेरा वर्षांचा, लहानपणापासून दम्याचा. मैदानावर दोन फेऱ्या मारल्या की खोकला सुरू होतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. घरातल्या मोठ्यांनी त्याचा खेळ बंद केला. आता पोरगं मोबाइल घेऊन बसून असतं, वजन वाढलंय, जिना चढतानाही धाप लागते. त्याला पुन्हा खेळायला सोडावं का, असं त्या विचारतात.

सोडावं, पण आधी दमा ताब्यात आणून. खेळ बंद केल्याने दमा जात नाही, अंगातली ताकद तेवढी जाते. मग थोड्या श्रमानेही धाप लागते आणि घरचे म्हणतात, बघा, आजार वाढला! इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांना शाळकरी वयापासून दमा आहे. त्यांनी 2003 साली लंडनची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. आपल्या मुलाला मॅरेथॉन धावायची नाही, गल्लीत क्रिकेट खेळायचं आहे.

नाकातून जाणारी हवा वाटेत ऊबदार आणि ओलसर होते. धावताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. ती कोरडी हवा श्वासनलिकांमधला ओलावा उडवते आणि दम्याच्या नलिका आकसतात. त्रास धावताना किंवा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत होतो. म्हणून एकदम पळत सुटू नये. दहा-पंधरा मिनिटं आधी चालावं, हातपाय हलवावेत, मग वेग वाढवावा. थांबतानाही हळूहळू थांबावं. थंडीत पहाटे नाका-तोंडावर रुमाल असावा.

आता औषध. पंपाची सवय लागते, हा गैरसमज अजून घराघरांत आहे. पंपातलं औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रेत काम होतं. नलिकांची सूज कमी करणारा पंप बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा आणि नंतर गुळण्या करायच्या. निळा पंप लगेच आराम देणारा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तो खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घेता येतो. मात्र त्रास झाला म्हणून निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. नुसत्या निळ्या पंपावर वर्षानुवर्षं काढणं धोक्याचं आहे.

तुमच्या भागात हवेकडेही लक्ष हवं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि जंगलात वणवे लागतात. त्याच दिवसांत मिरची वाळत घातलेली असते. धुराचा वास येत असेल त्या दिवशी मैदान नको, घरातच व्यायाम करावा. मिरची निवडताना, तिखट कुटताना मुलाला जवळ बसवू नये. धुळीच्या रस्त्यापेक्षा नदीकडची मोकळी जागा चालायला बरी. सर्दी-ताप असेल तर दोन-चार दिवस विश्रांती.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे धुराच्या दिवसांच्या आसपासच येतो. रोजचा पंप सहरीला आणि इफ्तारनंतर घेता येईल का, हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम इफ्तारनंतर थोडा वेळ जाऊ देऊन करावा. रोज्यात पंप घेतल्याने रोजा तुटतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांना विचारून ठेवा. पण दिवसा दम लागलाच तर पंप लगेच घ्यायचा, विचारत बसायचं नाही. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह अल-बकराच्या 184व्या आयतीत आहे. मुलं ही गोष्ट लपवतात. रोजा मोडेल म्हणून गप्प बसतात, हे आईने ओळखायला हवं.

खेळताना पंप मुलाच्या खिशात हवा, घरच्या कपाटात नव्हे. सोबतचे दोघे मित्र आणि शाळेतले सर यांनाही तो कसा द्यायचा ते माहीत असावं. छाती आवळली की खेळ थांबवून ताठ बसवावं, आडवं करू नये. निळा पंप स्पेसर लावून एकेक करत चार ते सहा वेळा द्यावा, दर वेळी चार-पाच श्वास घेऊ द्यावेत. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम भागतं. वीस मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा तेवढंच द्यावं, पण ते देत-देतच निघावं. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर वीस मिनिटंही थांबू नये. गडचिरोली तुमच्यापासून सुमारे 200 किलोमीटर आहे, म्हणून आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. 108ला फोन करावा, आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर शेजाऱ्याच्या गाडीने निघावं. पंप सोबत घ्यावा, वाटेतही देत राहावा.