काडीमोडाआधी विम्याचा कागद वाचा



ऊस विकास अधिकाऱ्याने लागणीच्या तारखा आणि बेणे यांवर बोलावे, नवरा-बायकोच्या भांडणात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही बांधावर जातो तेव्हा उसाबरोबर घरातलेही कानावर येते. मागच्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचा उसाचा पहिला हप्ता सगळाच्या सगळा दवाखान्यात गेला. मुलीचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला होता. जावई नोकरदार, त्याच्या गटविम्यात मुलीचे नाव होते आणि त्यावरच तिचे डायलिसिस चालू होते. हुकूमनामा झाला, विम्यातून नाव निघाले. सासरच्या रेशनकार्डातूनही निघाले, आणि माहेरच्या कार्डावर अजून चढले नव्हते, म्हणून सरकारी योजनाही अडली. "साहेब, हे आधी कुणी सांगितलंच नाही," एवढेच तो म्हणाला.

म्हणून आम्ही सांगतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. कलम १० प्रमाणे न्यायिक विभक्तता मिळते. त्यात एकत्र नांदण्याचे बंधन सुटते, पण लग्न कायम राहते. दोघांनाही दुसरे लग्न करता येत नाही. कलम १३ च्या घटस्फोटात लग्नच संपते. आपल्या भाषेत, पहिल्यात ऊस तुटला तरी खोडवा रानात असतो. दुसऱ्यात खोडक्या काढून रान नांगरले जाते. विमा असतो तो कायदेशीर जोडीदाराला. त्यामुळे विभक्ततेत नाव सहसा राहू शकते, घटस्फोटानंतर राहत नाही. तरी पॉलिसीतील अटी वाचल्याशिवाय खात्री धरू नये.

मग सर्वांनी विभक्तताच घ्यावी काय? तसे आमचे म्हणणे नाही. विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर कोणीही एक जण घटस्फोट मागू शकतो. शिवाय नवऱ्याची नोकरी सुटली की लग्न शिल्लक असूनही गटविमा जातो. आणि जिथे मारहाण आहे तिथे विम्यापायी बाईला अडकवून ठेवा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. विभक्तता म्हणजे मिळालेली सवड. त्या सवडीत बाईचा स्वतःचा आधार उभा करावा, एवढेच आमचे मत.

तो कसा? पहिले, गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी वेळेत अर्ज करावा; आधी भरलेली वर्षे त्यात धरली जातात. अगदी नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर मोठ्या आजारात ती मिळणेच अवघड, आणि मिळाली तरी जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. दुसरे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रेशनकार्डावर. सासरचे नाव कमी झाल्याचा दाखला घेऊन लगेच माहेरच्या किंवा स्वतंत्र कार्डावर नाव चढवा. सासरच्यांनीही रागाच्या भरात तो दाखला अडवून धरू नये. तिसरे, परस्परसंमतीच्या अटींत पोटगीबरोबर औषधोपचाराचा खर्चही स्पष्ट लिहून घ्या. स्टॅम्पपेपरवरच्या सोडचिठ्ठीवर विसंबू नका. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तोडीची तारीख ठरवायची तर आपण चार वेळा गट ऑफिसला खेटे घालतो. लेकीच्या आयुष्याचा कागद मात्र एका बैठकीत सही करून मोकळे होतो. हे बरे नाही. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: उद्या ही आजारी पडली तर कुणाच्या कार्डावर दाखल होणार? उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवा.

– ऊस विकास अधिकारी