खाण बंद झाली, पंप मात्र चालूच!

खाण बंद झाली की तिचा खर्चही संपला, अशी आपली समजूत असते. जर्मनीच्या ऱ्हूर भागातील एसेन शहराची हकीकत वाचली, तर ही समजूत टिकत नाही.

एसेन हे एके काळी कोळशाचे आणि पोलादाचे शहर होते. क्रुप यांचा पोलाद कारखाना येथेच १८११ साली निघाला. त्सोलफेराइन ही इथली प्रसिद्ध कोळसा खाण १८४७ सालची. तिची बारावी विहीर १९३२ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यातून रोज सुमारे १२,००० टन कोळसा वर येई. पुढे परदेशी स्वस्त कोळसा आणि खनिज तेल यांच्यापुढे या खोल खाणींचा निभाव लागेना. २३ डिसेंबर १९८६ रोजी त्सोलफेराइन बंद झाली. एसेनमधली ती शेवटची खाण. आज तिथे संग्रहालय आहे आणि २००१ पासून हे स्थळ जागतिक वारसा म्हणून ओळखले जाते. २०१७ साली तर एसेनला युरोपची ‘हरित राजधानी’ हा मान मिळाला.

मग गोष्ट गोड झाली म्हणायची! पण थांबा, जरा जमिनीखाली डोकावू या.

कोळशाचा थर काढून घेतला की तिथे पोकळी राहते. वरचे खडक तिच्यात खचतात आणि त्यांच्यावरची जमीनही खाली बसते. ऱ्हूरमध्ये काही ठिकाणी ती वीस मीटरहून अधिक खचली आहे, म्हणजे सहासात मजली इमारतीच्या उंचीइतकी! अशा खोलगट भागातले पाणी आपोआप नदीला कसे मिळणार? ते पंपाने उपसावे लागते. पंप थांबले, तर घरे, रस्ते, शाळा असलेले कितीतरी भाग पाण्याखाली जातील.

खाणींच्या रिकाम्या बोगद्यांतही पाणी साचत असते. ते खारट असते. ते फार वर चढून पिण्याच्या भूजलात मिसळू नये, म्हणून तेही उपसावे लागते. हे काम पाचपन्नास वर्षांत संपणारे नाही. जर्मन लोक या खर्चाला ‘अनंतकाळचा खर्च’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

एमशर नदीचेही तसेच झाले. जमीन खचत असल्यामुळे भूमिगत गटारे फुटत, त्यांचा उतार बिघडे. म्हणून या नदीलाच उघडे गटार बनवण्यात आले. खाणकाम थांबल्यावर, १९९२ पासून, जमिनीखाली नळ घालण्याचे काम सुरू झाले. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली. खर्च आला सुमारे साडेपाच अब्ज युरो.

कोळशाने ऱ्हूरला रोजगार दिला, देशाला पोलाद आणि आगगाड्या दिल्या, हे कोणी नाकारणार नाही. पण ‘त्या काळी हे दुष्परिणाम कोणाला ठाऊक होते?’ ही सबब मात्र मला पटत नाही. एमशरच्या पाण्याची व्यवस्था पाहण्यासाठी खास संस्था १८९९ सालीच स्थापन झाली होती. संकट दिसत होते. फक्त त्याची किंमत कोळशाच्या भावात धरली नव्हती. उपशाच्या खर्चाची तजवीज करणारा प्रतिष्ठान-निधी उभा राहिला तो थेट २००७ साली. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षापासून हा निधी तो खर्च उचलू लागला. उशिरा का होईना, हे शहाणपण चांगलेच. पण पहिल्या टनापासूनच थोडी रक्कम बाजूला काढली असती तर?

मित्रांनो, आपल्या पुस्तकांत खाणींचे उत्पादन टनांत दिलेले असते. त्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे: खाण मिटल्यावर होणाऱ्या खर्चाचा. उद्या कोणी तुम्हांला एखाद्या नव्या खाणीचे किंवा कारखान्याचे फायदे सांगू लागला, तर ते जरूर ऐकून घ्या. मग एवढेच विचारा, “हे बंद झाल्यावर पंप कोण चालवणार?”