डीएलएल लोड होत नाही? नेटवरून फाईल आणून टाकू नका!

दिवाळीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळचे सात. दुकानात गर्दी, आणि बारकोड लेबलचं प्लग-इन बंद. स्क्रीनवर मेसेज, डीएलएल लोड होत नाही, मॉड्यूल सापडत नाही. कॉम्प्युटर विंडोज ७ चा, आणि प्लग-इनचं अपडेट मीच त्या दुपारी टाकलेलं.

काउंटरवरच्या पोराने लगेच नेटवर तीच फाईल शोधली. "दादा, सिस्टिम ३२ मध्ये टाकू का?"

मी नको म्हणालो. तुम्हालाही तेच सांगतो. त्याच कॉम्प्युटरवर तुमचा जीएसटीचा पासवर्ड असतो, नेट बँकिंग असतं. अनोळखी साईटवरची डीएलएल टाकणं म्हणजे गल्ल्याची चावी रस्त्यावरच्या माणसाला देणं.

गंमत म्हणजे फाईल गायब नव्हतीच, फोल्डरमध्येच होती. कुकर घरात आहे, पण रिंग नाही, असा प्रकार. त्या डीएलएलला लागणारी दुसरी फाईल विंडोज ७ मध्ये नव्हती.

मग बघायचं काय?

१. मेसेजचा फोटो काढा. त्यात 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी'ने सुरू होणारं नाव असेल, तर युनिव्हर्सल सी रनटाइम नाही. विंडोज १० मध्ये ते आधीपासून असतं. विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ ला केबी२९९९२२६ हे अपडेट लागतं. ते मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या. व्हिज्युअल सी++ रनटाइम मागत असेल, तर तेही तिथूनच.

२. बिट जुळवा. विंडोज ६४ बिट असलं तरी बिलिंग सॉफ्टवेअर ३२ बिट असेल, तर प्लग-इन आणि रनटाइमही ३२ बिटच हवं. इथे भलेभले चुकतात.

३. 'एन्ट्री पॉइंट' सापडत नाही आणि सोबत 'कर्नल३२' असं नाव दिसलं, तर बहुतेक वेळा प्लग-इनला हवी ती सोय तुमच्या विंडोजमध्येच नाही. फाईली टाकून उपयोग नाही. प्लग-इनची जुनी आवृत्ती टाका, नाहीतर विंडोज बदला.

माझं प्लग-इन पहिल्या उपायाने चालू झालं, पण रविवारी दुपारी. तोपर्यंत लेबलं हाताने लिहिली आणि दोन गिऱ्हाईकं वैतागून निघून गेली. जुना सेटअप जपून ठेवला असता, तर दहा मिनिटांचं काम होतं. चूक माझीच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुना कॉम्प्युटर वापरण्यात कमीपणा नाही, पण सीझनच्या तोंडावर त्यावर अपडेट टाकणं हा धंद्यातला मूर्खपणा आहे. चालू असलेल्या आवृत्तीचा सेटअप पेन ड्राइव्हवर ठेवा. प्लग-इन घेताना विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर विचारा, "कोणत्या विंडोजपासून चालतं?" उत्तर लेखी घ्या.

आणि नवीन कॉम्प्युटरसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. दुकानाचं भाडं जसं खर्चात धरता, तसाच हाही धरा.

आज दुकान बंद करायच्या आधी एवढं एक काम कराच, तुमचा सेटअप कुठे आहे ते शोधा.