हाडे जुळवणाऱ्याने पेशी वाढवायला शिकावे, पण मोठला येऊन

झाशीहून कानपूरकडे निघालेला महामार्ग परीछा मागे टाकून सुमारे ५० किलोमीटरवर मोठला पोहोचतो. मराठी वाचकाने झाशी आणि काल्पी ही नावे गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाचलेली असतात, आजच्या रस्त्याने त्या दोहोंच्या मध्ये हे तहसिलीचे गाव लागते. दर गुरुवारी मी येथे अस्थिरुग्ण तपासतो. महामार्गावर मोडलेल्या मांड्या आणि नडग्या, पाय घसरून पडलेल्या वृद्धांचे खुबे, आणि सर्वांत मोठी रांग गुडघ्यांची. जमिनीवर उकिडवे बसून निंदणी करणारी, चुलीपुढे बसणारी, डोक्यावर भारा वाहणारी माणसे पन्नाशीतच बाकदार पायांनी चालू लागतात.

अस्थिशल्याला पुनर्जनन वैद्यकाची, म्हणजे रिजनरेटिव्ह मेडिसिनची, जोड देणारी पदव्युत्तर शल्यपदवी असावी असे म्हणणारे आता बरेच आहेत. मीही त्यांतलाच एक आहे. मात्र अशी पदवी कोणत्या प्रश्नापासून सुरू व्हावी, याविषयी माझे मत बहुतेकांहून वेगळे आहे, आणि ते मला मोठच्या रांगेने शिकवले.

आधी शास्त्राकडे पाहू. हाड हा शरीरातील विलक्षण ऊतक आहे. त्वचा कापली तर व्रण राहतो, स्नायू फाटला तर व्रण राहतो. हाड मात्र नीट जुळले तर काही वर्षांनी क्ष-किरण चित्रात मोड कोठे होती हे सांगणे कठीण जाते. तेथे हाडच पुन्हा हाड होते. सुश्रुताने सांध्यांच्या निखळण्याचे ६ आणि हाडांच्या मोडीचे १२ प्रकार सांगितले, तेव्हाही वैद्याचे काम हाड सरळ धरून ठेवण्याचेच होते. जोडण्याचे काम शरीर करी. या अर्थाने अस्थिशल्यज्ञ पहिल्यापासून पुनर्जननाच्या दारातच उभा आहे. १९५० च्या दशकात सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी कापलेल्या हाडाची टोके दररोज सुमारे १ मिलिमीटर दूर सारली, आणि मधल्या फटीत नवे हाड भरत गेले. तारा, कडी आणि धीर, एवढीच सामग्री. पेशींच्या बाटल्या नव्हत्या. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले आणि तेथे हाड तयार झालेले दाखवले. हाड घडवण्याचा आदेश देणारी प्रथिने पुढे याच वाटेने सापडली.

कूर्चेची गोष्ट निराळी. सांध्यातील या गुळगुळीत अस्तराला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत आणि पेशीही विरळ. म्हणून ती झिजताना दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा खालचे हाड उघडे पडू लागलेले असते. १९९४ मध्ये स्वीडनमधील योटेबोर्ग येथील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांची स्वतःचीच कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, गुडघ्यातील खड्ड्यात परत ठेवली. ते यश खरे होते. पण ते तरुण गुडघ्यातील, इजेने पडलेल्या, कडा शाबूत असलेल्या खड्ड्याचे यश होते. संपूर्ण झिजलेल्या, बाकदार झालेल्या गुडघ्याचे नव्हे. हा फरक जाहिरातींत हरवतो, आणि माझ्या अनुभवात कित्येकदा पदव्युत्तर वर्गांतही.

भारत या विषयात मागे आहे असे मानण्याचे कारण नाही. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या कुजण्यासाठी रुग्णाच्याच अस्थिपेशी, आणि कूर्चेच्या खड्ड्यांसाठी रुग्णाच्याच कूर्चापेशी, अशा दोन उत्पादनांना २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ती तयार करणारी कंपनी महाराष्ट्रातील आहे. दात्याच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या उत्पादनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी परवानगी मिळाली. त्यामागील चाचणी १४६ रुग्णांची होती. वेदना आणि हालचाल यांत प्लासिबोपेक्षा फरक दिसला. वेदना कमी होणे ही मोठी गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण वेदना कमी होणे आणि झिजलेली कूर्चा नव्याने उगवणे हे दोन वेगळे दावे आहेत.

आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत प्लेटलेटयुक्त रक्तद्रव, म्हणजे सर्वत्र बोलबाला असलेले पीआरपी, आणि निव्वळ सलाईन यांची तुलना झाली. एका वर्षानंतर ना वेदनेत अर्थपूर्ण फरक, ना कूर्चेच्या आकारमानात. २०२३ मध्ये अमेरिकेतील चाचणीत अस्थिमज्जेचा अर्क, चरबीतील पेशी आणि नाळेतील पेशी या तिन्ही उपायांची साध्या स्टेरॉइडच्या सुईशी गाठ घालून दिली गेली. वर्षअखेर तिन्हींपैकी एकही सरस ठरला नाही. आणि ज्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले, त्यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलावे असे सुचवले. कारण या पेशी रुग्णाच्या शरीरात नवे ऊतक बनत नाहीत, आसपासच्या पेशींना संकेत देतात, असे त्यांचे मत झाले होते. ज्याने बारसे केले त्यानेच नाव चुकले म्हणावे, असे विज्ञानात क्वचित घडते. विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात ऐकावी अशी ही गोष्ट आहे.

मोठजवळच्या एका खेड्यातील बाईंविषयी सांगतो. वय साठीच्या आसपास, दोन्ही गुडघे आतून पूर्ण झिजलेले, हाडाला हाड घासत होते. दूरच्या एका शहरात त्यांना ‘नवी गादी उगवेल’ असे सांगून तीन सुया दिल्या गेल्या होत्या. त्यासाठी दुभती म्हैस विकली होती. मजकडे आल्या तेव्हा हातात चकचकीत पुस्तिका होती आणि प्रश्न एकच: उगवायला अजून किती दिवस लागतील? मी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले. त्यांच्या मुलाने ते पाहिले, मग पुस्तिकेतील चित्र पाहिले, आणि पुस्तिका मिटून खिशात घातली. सुई देणारा डॉक्टर अशिक्षित नव्हता. त्याच्याकडे पदवी होती. नव्या पदवीबद्दल माझी काळजी येथूनच सुरू होते: आपण अशी सुई थांबवणारा शल्यज्ञ घडवणार आहोत, की ती अधिक सफाईने देणारा?

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोजक्या रक्तविकारांतील मज्जारोपण वगळता मूळपेशींचा वापर हा प्रयोगच समजला जातो, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी २०१९ च्या नियमांनुसार नवे औषध ठरतात. तरीही तीन वर्षांच्या एम.एस. अभ्यासक्रमात प्लेट आणि खिळ्यांसाठी जितके तास जातात, त्याच्या शतांशानेही या नियमांच्या वाचनासाठी जात असतील का, याची मला शंका आहे.

म्हणून माझी मागणी अशी. नव्या पदवीत शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण एम.एस. इतकेच कठोर असावे. त्यात एका तासाचीही सूट नको. पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने किमान सहा महिने स्वतःच्या हातांनी काम करावे, म्हणजे बाटलीतील किती पेशी जिवंत आहेत हे त्याला विक्रेत्याच्या पत्रकावरून कळणार नाही. प्रबंधांविषयी तर थोडे कडू बोलावे लागेल. तीस-चाळीस रुग्ण, तुलनेचा गट नाही, सहा महिन्यांचा पाठपुरावा आणि ‘उत्साहवर्धक’ निष्कर्ष, असे पीआरपीवरील प्रबंध मी पुष्कळ चाळले आहेत. त्यापेक्षा अनेक महाविद्यालयांनी मिळून एकच चाचणी करावी, प्रत्येक विद्यार्थ्याने तिचा एक भाग सांभाळावा, आणि तो पदवी घेऊन गेल्यावर पुढच्याने तेच रुग्ण पुढे पाहावेत. फ्रान्समध्ये फिलिप एर्निगू यांनी खुब्यात अस्थिमज्जा सोडलेल्या रुग्णांना वीस वर्षांहून अधिक काळ पाहिले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले.

आणि या चाचणीचा एक पाय मोठसारख्या ठिकाणी असावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आज तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे लागते. ही योजना चांगली आहे, पण ती प्रायः जिल्ह्याच्या गावीच थांबते. तिला तहसिलीपर्यंत आणा. येथे आल्यावर प्रश्न बदलतात. कूर्चेचा तुकडा काढून प्रयोगशाळेकडे पाठवायचा, काही आठवड्यांनी पेशी थंड पेटीतून परत यायच्या, आणि ठरल्या दिवशी रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर हवा. आणि त्याच दिवशी हरभऱ्याची कापणी निघाली तर? दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे पायावर पूर्ण भार नको, हे ज्याच्या घरी शौचासाठी उकिडवे बसावे लागते त्याला कोणत्या शब्दांत सांगावे? महानगरातील खासगी दालनात हे प्रश्न क्वचितच निघतात, आणि जे उत्पादन या प्रश्नांपुढे टिकत नाही ते देशाच्या फार मोठ्या भागासाठी टिकत नाही.

येथे काही सहकारी मला हमखास अडवतात. जेथे वेळेवर प्लेट बसत नाही तेथे पेशींचे काय घेऊन बसलात, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. परंतु वर्षभर न जुळलेली नडगी घेऊन फिरणारा ट्रकचालक मी मोठला पाहिला आहे. त्याच्या मोडीत जंतुसंसर्ग झाला होता, पाच सेंटिमीटर हाड गेले होते, आणि त्याला पुनर्जननाची गरज शहरातील धावपटूपेक्षा अधिक होती. त्याला आम्ही इलिझारोव्हची कडी लावली. तो आता बिनकाठीने चालतो, थोडा लंगडतो. हाड लवकर भरावे म्हणून काही देता आले असते तर मी आनंदाने दिले असते; पण त्या परिस्थितीत उपयोगी पडेल असा पुरेसा पुरावा असलेला उपाय माझ्या हाताशी नव्हता. पदवी सुरू करणाऱ्या तरुणांनी शोधायचे असेल तर हे शोधावे.

त्या बाईंचा उजवा गुडघा गेल्या महिन्यात झाशीला बदलला. डाव्याची तारीख कापणीनंतरची आहे.